स्मायलोडॉनचा पुढचा पाय: एका रेझिन प्रतिकृतीचे परीक्षण

जीवाश्मांच्या प्रतिकृती विकणाऱ्या बहुतेक परदेशी दुकानांच्या यादीत खड्गदंती मांजराची कवटी अग्रस्थानी असते आणि ते साहजिकही आहे, कारण जवळजवळ वीतभर लांबीचे ते दोन सुळे पाहून कोणाचेही कुतूहल चाळवते. आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागासाठी अशी एखादी प्रतिकृती घेण्याचे ठरले, तेव्हा मात्र मी कवटीऐवजी स्मायलोडॉन फेटॅलिस या नामशेष खड्गदंती मांजराच्या जातीचा संपूर्ण पुढचा पाय मागवावा असा आग्रह धरला. हा प्राणी शिकार कशी करत असे, या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर त्याच्या खांद्यापासून पंजापर्यंतच्या हाडांत आहे, आणि ती हाडे हातात घेतल्याशिवाय सुळ्यांचाही अर्थ नीट लागत नाही, असे माझे मत आहे. प्रतिकृती बरेच दिवस वापरात आहे. शिकवताना, मोजमापे घेताना आणि विभागातील वाघाच्या जुन्या सांगाड्याशेजारी ठेवून पाहताना तिचे जे गुणदोष लक्षात आले, ते येथे नोंदवतो. विक्रेत्याचे नाव देण्याचे टाळले आहे. हे परीक्षण वस्तूचे आहे आणि तशी वस्तू कोणाकडूनही घेताना ते उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

संचात खांद्याचे पाते, दंडाचे हाड म्हणजे ह्युमरस, कोपराखालची रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे, मनगटाची लहान हाडे, तळव्याची पाच हाडे आणि बोटांची सर्व पेरे अशी मांडणी आहे. ही सारी हाडे आतून पोलादी सळई घालून एका काळ्या लाकडी बैठकीवर उभी केलेली आहेत. मूळ किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. शैक्षणिक साहित्य म्हणून सवलत मिळावी यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला, त्याचा तपशील येथे देत बसत नाही. बांधणी उत्तम होती, एकही हाड प्रवासात दुखावले नव्हते, एवढे म्हटले की या भागाविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही.

सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळ्या मनाने कौतुक करावे ते ह्युमरसचे. लॉस एंजेलिस शहरातील ला ब्रेया येथील डांबराच्या झऱ्यांतून निघालेली हाडे हजारो वर्षे डांबरात मुरल्यामुळे गडद तपकिरी, ठिकठिकाणी काळपट झालेली असतात, आणि प्रतिकृतीच्या रंगकामात ही छटा फार संयमाने उतरवलेली आहे. रंगापेक्षा महत्त्वाचा आहे तो पृष्ठभाग. दंडाच्या हाडाच्या पुढच्या अंगाने खाली उतरणारा कंगोरा, ज्यावर छातीचे आणि खांद्याचे मोठे स्नायू येऊन चिकटतात, तो या साच्यात इतका स्पष्ट आला आहे की डोळे मिटून बोट फिरवले तरी स्नायूची पकड कोठपर्यंत होती ते समजते. वाघाच्या ह्युमरसवरही हा कंगोरा असतोच. तथापि दोन्ही हाडे शेजारीशेजारी ठेवली असता लांबीत फारसा फरक न दिसता घेरात मात्र मोठी तफावत दिसते, आणि स्मायलोडॉनचा कंगोरा अधिक रुंद व अधिक खडबडीत असल्याचे विद्यार्थी न सांगता ओळखतात. स्मायलोडॉन फेटॅलिसचे वजन १६० ते २८० किलो असावे असा अंदाज आहे, म्हणजे तो साधारण आपल्या वाघाएवढाच भरतो. त्यामुळे ही तुलना योग्य तोलाची आहे आणि दिसणारा फरक केवळ आकारमानामुळे आलेला नाही, हे वर्गात ठामपणे सांगता येते.

याच हाडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या आतल्या बाजूस, मांजरकुळात एक लांबट छिद्र असते, ज्यातून दंडाची मुख्य धमनी आणि मीडियन नर्व्ह ही चेता खाली उतरते. कुत्र्याच्या ह्युमरसला हे छिद्र नसते, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मांजर आणि कुत्रा यांची हाडे वेगळी ओळखायला शिकवताना आम्ही सर्वांत आधी तेथे बोट ठेवतो. प्रतिकृतीत हे छिद्र जागच्या जागी आहे, परंतु ओतकामाच्या वेळी त्यात रेझिनचा पातळ पडदा राहून गेल्यामुळे ते बंद होते आणि लांबून पाहणाऱ्याला तेथे नुसता खळगा आहे असे वाटत होते. उजेडाकडे धरल्यावर पडद्यातून पिवळसर प्रकाश झिरपताना दिसला आणि बारीक हातड्रिलने तो सहज निघाला. हा दोष किरकोळ आहे. तरी तपासणी करणाऱ्याने आरपार एक काडी घालून पाहिली असती, तर हे काम आमच्यावर आले नसते.

ह्युमरसची खरी गोष्ट मात्र त्याच्या पोटात आहे, आणि कोणतीही ओतीव प्रतिकृती तेथे लंगडी पडते. २०१० मध्ये ज्युली मीचेन-सॅम्युअल्स आणि ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग या दोघींनी ला ब्रेयाच्या हाडांच्या व आजच्या मांजरकुळातील अनेक जातींच्या हाडांच्या क्ष-किरण प्रतिमा घेऊन त्यांतील कठीण बाह्य थराची जाडी मोजली. स्मायलोडॉनच्या ह्युमरसचा हा थर त्याच्या आकारमानाच्या कोणत्याही मांजरापेक्षा अधिक जाड निघाला, म्हणजेच ते हाड वाकवणाऱ्या आणि दाबणाऱ्या जोराला असाधारण विरोध करू शकत होते. त्याच प्राण्याचे मांडीचे हाड मात्र इतर मांजरांच्या ओळीतच बसले. सगळा प्राणीच जाडजूड आणि बोजड होता, असे स्पष्टीकरण यानंतर टिकत नाही; जोर वाढला तो पुढच्या पायांत, आणि नुसते वजन पेलण्यासाठी तो वाढला नव्हता. हा मुद्दा प्रतिकृतीवरून शिकवता येत नाही, कारण आतून ती एकसारखी भरीव आहे. विक्रेत्याने ह्युमरसचा मधोमध कापलेला एक तुकडा, बाह्य थराची जाडी दाखवणारा, अल्प किमतीत जोडून दिला असता तर या संचाचे शैक्षणिक मूल्य दुप्पट झाले असते. आम्ही आता वाघाच्या ह्युमरसची क्ष-किरण प्रतिमा शेजारी लावून तोंडी वर्णनावर वेळ भागवतो.

कोपराकडे आल्यावर पहिला गंभीर दोष समोर येतो. रेडियसचे वरचे टोक ह्युमरसच्या ज्या गोलाईवर बसायला हवे, तेथे ते नीट बसत नाही. एका बाजूला फट राहते आणि दुसऱ्या बाजूला कड कडेवर चढते. मांडणी करणाऱ्याने ही फट रेझिनच्या लगद्याने भरून वर रंग दिला आहे, पण व्हर्नियर कॅलिपर लावताच लबाडी उघड होते, कारण रेडियसचे डोके त्याच्या खाचेच्या मानाने लहान आहे. याचे कारण ला ब्रेयाच्या स्वरूपातच दडलेले आहे. तेथे डांबरात अडकून मेलेल्या प्राण्यांची हाडे कालांतराने सुटी होऊन एकमेकांत मिसळली. दोन हजारांहून अधिक स्मायलोडॉन त्या एका स्थळावरून मिळालेले असले, तरी एकाच प्राण्याचा पूर्ण पाय सलग मिळणे दुर्मीळ. त्यामुळे ला ब्रेयाच्या हाडांचे जे सांगाडे उभे केलेले दिसतात, ते बहुधा अनेक प्राण्यांची हाडे जुळवून तयार केलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो हे न सांगण्याला. माहितीपत्रकात ‘एका प्रौढ प्राण्याचा पाय’ असे छापले आहे. किमान दोन वेगवेगळ्या आकारांच्या प्राण्यांची हाडे यात आहेत, असे मोजमापे सांगतात. जो विद्यार्थी या सांध्यावरून हालचालीचा कोन मोजू पाहील, त्याला चुकीचे उत्तर मिळेल.

अल्नाविषयी तक्रार नाही. कोपराचे मागे आलेले टोक लांब व भक्कम आहे आणि दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू त्यावर किती मोठ्या तरफेने काम करत असे ते लगेच कळते. रेडियस वाघाच्या मानाने आखूड आहे आणि ते तसेच असायला हवे. धावणाऱ्या प्राण्यात कोपराखालचा भाग लांबत जातो, कारण त्यामुळे पाऊल लांब पडते. स्मायलोडॉनमध्ये तो आखूड झाला आहे, तळव्याची हाडेही आखूड व रुंद आहेत, आणि शेपूट तर रानमांजराच्या लिंक्स या जातभाईसारखी तोकडी होती. लांब पाठलाग करणे हा या प्राण्याचा व्यवसाय नव्हता. दबा धरून जवळ जायचे, अंगावर झेप घ्यायची आणि मग ताकदीने खाली दाबायचे, अशी त्याची पद्धत असावी असे ही हाडे सुचवतात.

पंजाच्या मांडणीत मात्र विक्रेत्याने नाटकीपणाला शास्त्रावर मात करू दिली आहे. पाय जमिनीवर टेकलेला, वजन पेलणारा असा दाखवला आहे आणि तरीही सगळ्या नख्या पूर्ण बाहेर काढून लाकडात रुतल्यासारख्या बसवल्या आहेत. मांजरकुळात शेवटचे पेर मधल्या पेराच्या बाजूला मागे मुडपलेले असते आणि लवचीक बंध ते तसेच धरून ठेवतात, त्यासाठी प्राण्याला वेगळा जोर लावावा लागत नाही. बोटे वाकवणारे स्नायू आकुंचन पावतात तेव्हाच नखी बाहेर येते. मधल्या पेराची एक बाजू या मुडपण्यासाठी खोलगट झालेली असते. गंमत अशी की प्रतिकृतीच्या मधल्या पेरांवर ही खोलगट बाजू अगदी सुबक उतरली आहे. म्हणजे साचा घेणाऱ्याने हाड प्रामाणिकपणे घेतले आणि मांडणी करणाऱ्याने त्या हाडाचे म्हणणे ऐकले नाही. चालत्या पायाची मांडणी हवी असेल तर नख्या आत हव्यात, आणि नख्या बाहेर हव्या असतील तर पाय उचललेला, मनगट वळवलेले आणि बोटे पसरलेली हवीत. दोहोंचे मिश्रण कोणत्याही जिवंत मांजरात पाहायला मिळत नाही.

याहून मोठी चूक अंगठ्याची होती. मांजरांच्या पुढच्या पायाचा अंगठा जमिनीला टेकत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण खड्गदंती मांजरांमध्ये याच अंगठ्याची नखी फार मोठी असे आणि भक्ष्य पकडून ठेवण्यात तिचा मोठा वाटा असावा असे मानले जाते. आमच्या संचात अंगठ्याच्या जागी इतर बोटांपेक्षा लहान नखी बसवलेली होती आणि मोठी नखी दुसऱ्या बोटावर होती. सांध्याच्या खाचा जुळत नसल्यामुळे शंका आली. गरम पाण्यात डिंक मऊ करून दोन्ही पेरे सोडवली आणि अदलाबदल केली, तेव्हा दोन्ही आपापल्या जागी खिळ्यासारखी बसली. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले असता त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले, दुरुस्तीसाठी वस्तू परत पाठवण्याची तयारीही त्यांनी दाखवली, पण परतीचा खर्च आमच्याकडे असल्यामुळे तो मार्ग आम्ही स्वीकारला नाही.

अंगठ्याविषयी एवढे लिहिण्याचे कारण असे की खड्गदंती प्राण्यांच्या उत्क्रांतीत त्याची जागा फार आधीची आहे. स्पेनमध्ये माद्रिदजवळ सेरो दे लोस बाताओनेस या टेकडीवर १९९१ मध्ये खाणकाम चालू असताना सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीच्या नैसर्गिक सापळ्यांत अडकलेल्या मांसाहारी प्राण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात बिबट्याएवढा प्रोमेगँटेरिऑन नावाचा खड्गदंती आहे, जो स्मायलोडॉनच्याच शाखेचा जुना सदस्य मानला जातो. त्याचे सुळे स्मायलोडॉनच्या तुलनेत अगदीच माफक होते, परंतु पुढचे पाय मात्र त्याच आकाराच्या आजच्या मांजरांपेक्षा भक्कम होते आणि अंगठ्याची नखी मोठी होती. म्हणजे भक्ष्याला धरून निश्चल करण्याची व्यवस्था आधी जमली आणि सुळ्यांचा टोकाचा विस्तार नंतर झाला, असा क्रम दिसतो. आमचे विद्यार्थी नेहमी विचारतात की असे प्राणी भारतात होते का. तर होय, याच शाखेतील मेगँटेरिऑनचे अवशेष शिवालिकच्या टेकड्यांत मिळाले आहेत.

हा क्रम असाच का असावा, हे सुळ्यांच्या आकारावरून समजते. सिंहाचा किंवा वाघाचा सुळा आडवा कापला तर जवळजवळ गोल दिसतो, आणि भक्ष्य धडपडत असताना तो कोणत्याही दिशेने आलेला हिसका सोसतो. खड्गदंतीचा सुळा बाजूंनी चपटा असतो, धारेच्या दिशेने तो मजबूत असला तरी बाजूने वाकवणारा हिसका त्याला मोडू शकतो. शिवाय जबडा अतोनात उघडण्यासाठी स्नायूंची रचना बदलावी लागली आणि चाव्याचा जोर घटला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात स्मायलोडॉनच्या चाव्याचा जोर तेवढ्याच आकाराच्या सिंहाच्या सुमारे एक तृतीयांश भरला. असे हत्यार वापरायचे तर भक्ष्य आधी जमिनीला खिळलेले हवे. २०१२ मध्ये मीचेन-सॅम्युअल्स यांनी निरनिराळ्या कुळांतील खड्गदंतींची मोजमापे एकत्र केली, तेव्हा सुळे जितके लांब तितके पुढचे पाय दणकट, हा संबंध खऱ्या मांजरांमध्ये दिसलाच, पण निम्राव्हिड आणि बार्बोरोफेलिस यांसारख्या, मांजरांशी साधर्म्य असूनही स्वतंत्रपणे खड्गदंती झालेल्या गटांतही दिसला. एवढ्या दूरच्या नातेवाइकांत तीच जोडी पुन:पुन्हा यावी, यावरून दात आणि पाय हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत हे मान्य करावे लागते. केवळ कवटी विकत घेणारा संग्राहक अर्धे यंत्र घरी नेतो.

संचासोबतच्या सोळा पानी पुस्तिकेने या मुद्द्याची मांडणी ठीक केली आहे, परंतु पुढे जाऊन ‘सर्व खड्गदंती मांजरांचे पुढचे पाय आखूड व बलदंड होते’ असे विधान केले आहे आणि ते चुकीचे आहे. होमोथेरियम हा तितकाच प्रसिद्ध खड्गदंती. त्याचे सुळे स्मायलोडॉनपेक्षा आखूड, चपटे आणि करवतीच्या दात्यांसारख्या धारेचे होते, आणि त्याचे पुढचे पाय लांब व सडपातळ होते, मागचे तुलनेने आखूड, त्यामुळे पाठ खांद्याकडून मागे उतरती होती. त्याची ठेवण धावण्याच्या दिशेने गेलेली आहे. अंगठ्याची नखी मात्र त्यानेही मोठी राखली. टेक्सास राज्यातील फ्रीसेनहान गुहेत होमोथेरियमच्या अवशेषांसोबत पिलावस्थेतील मॅमथांची हाडे विपुल मिळाली आहेत, यावरून त्याचे भक्ष्य आणि त्याची पद्धत वेगळी असावी हे दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाच्या याकुतिया प्रदेशातील बाद्यारिखा नदीकाठच्या गोठलेल्या जमिनीतून मिळालेल्या होमोथेरियमच्या पिलाचे वर्णन प्रसिद्ध झाले. ३५ ते ३७ हजार वर्षांपूर्वीचे, जेमतेम तीन आठवड्यांचे ते पिलू कातडी, केस आणि पंजांसह टिकून राहिले आहे. त्याच वयाच्या सिंहाच्या छाव्याशी तुलना केली असता त्याची मान जाडजूड आणि पुढचे पाय लांब आढळले, तर पंजा जवळजवळ गोल, लांबीइतकाच रुंद, आणि मनगटाची गादी नसलेला निघाला. बर्फावर चालण्याशी याचा संबंध जोडला जातो. हाडांवरून जे अनुमान होते, ते या बाबतीत मांसासह पाहायला मिळाले. पुस्तिका या शोधानंतर छापलेली असूनही त्यात याचा उल्लेख नाही.

तज्ज्ञांनी पूर्वी खंजिरासारख्या लांब सुळ्यांचे, आखूड पायांचे खड्गदंती आणि वाकड्या तलवारीसारख्या आखूड सुळ्यांचे, लांब पायांचे खड्गदंती असे दोन ठोकळ गट कल्पिले होते. वर्गात शिकवायला ही विभागणी सोयीची आहे, मीही ती वापरतो. पण फ्लोरिडात मिळालेल्या झेनोस्मायलसने ती खिळखिळी केली: दात होमोथेरियमच्या घरातले आणि पाय मात्र आखूड, दणकट. दक्षिण अमेरिकेतील थायलाकोस्मायलस तर मांजरांशी नव्हे, पोटपिशवी असलेल्या सस्तन प्राण्यांशी जवळचे नाते सांगतो. त्याचे दंडाचे हाड मजबूत होते, नख्या मात्र मांजरासारख्या आत जात नसत, आणि तो खड्गदंती शिकारी होता की मृत प्राण्यांच्या आतड्यांसारख्या मऊ भागांवर जगणारा, याबद्दल २०२० पासून गंभीर वाद चालू आहे. विक्रेत्याच्या पुस्तिकेत या साऱ्याला दोन ओळी दिल्या असत्या तरी पुरे होते. त्याऐवजी तीन पाने हिमयुगातील मानव आणि खड्गदंती यांच्या झुंजीच्या काल्पनिक चित्रांना दिली आहेत.

पुस्तिकेतील आणखी एक विधान तपासून घ्यावे असे आहे. पिले मोठी होताना शिकारीच्या सरावाने त्यांचे पाय दणकट होत, असे त्यात सुचवले आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१७ मध्ये ला ब्रेयाच्या पिलांची हाडे मोजली, तेव्हा ती अगदी लहानपणीच इतर मांजरांच्या पिलांपेक्षा जाड होती आणि वयानुसार होणारी वाढ मात्र इतर मांजरांच्याच वळणाने जात होती, असे दिसले. म्हणजे हा दणकटपणा जन्मतःच आलेला आहे. विद्यार्थ्यांना वर्गात हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटते, कारण व्यायामाने हाड जाड होते हे त्यांनी नुकतेच शिकलेले असते आणि तेही आपल्या जागी खरे आहे.

त्याच वर्षी ला ब्रेयाच्या हाडांवरील जखमांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मायलोडॉनच्या हाडांपैकी ४.३ टक्के हाडांवर जखमांच्या खुणा होत्या, तर त्याच जागी मेलेल्या डायर वुल्फ या मोठ्या लांडग्याच्या बाबतीत हे प्रमाण २.८ टक्के होते. लांडग्याच्या जखमा पाठलाग करताना लाथा बसाव्यात तशा डोक्यावर, मानेवर आणि पायांवर पसरलेल्या होत्या. स्मायलोडॉनच्या जखमा खांद्यात आणि कंबरेच्या मणक्यांत एकवटलेल्या होत्या, म्हणजे जेथे मोठ्या जनावराशी झोंबताना ताण येईल अशाच जागी. आमच्या प्रतिकृतीतील खांद्याचे पाते मात्र अगदी निर्दोष, चकचकीत आहे, एकही जुनी जखम नाही. विक्रेत्याने जखम भरून आलेल्या पात्याचा पर्याय ठेवला, तर पशुवैद्यकाच्या वर्गासाठी तो अधिक मोलाचा ठरेल. विकृतिशास्त्राच्या दृष्टीने ला ब्रेया ही खाणच आहे: २०२१ मध्ये तेथील एका स्मायलोडॉनच्या खुब्याची सीटी स्कॅन तपासणी झाली आणि त्यात हिप डिस्प्लेसिया, म्हणजे जो आजार आपण रोज लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड कुत्र्यांत पाहतो, तोच जन्मजात दोष आढळला. असा लंगडा प्राणी प्रौढ वयापर्यंत जगला, त्याअर्थी त्याला इतरांनी मारलेल्या शिकारीत वाटा मिळत असावा, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे.

उणिवांच्या यादीत दोन लहान गोष्टी राहिल्या. मांजरांचे गळ्याजवळचे जत्रूचे हाड लहान असते आणि कोणत्याही हाडाशी न जोडता स्नायूंत तरंगत असते. संचात ते नाही आणि नसल्याचा उल्लेखही नाही. बोटांच्या सांध्यांमागची वाटाण्याएवढी हाडेही गाळलेली आहेत. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी घेणाऱ्याला याचे काही वाटणार नाही, पण ‘संपूर्ण’ हा शब्द वापरून पैसे घेतले असतील तर ती असायला हवीत.

मग वस्तू घ्यावी की नाही? पशुवैद्यकीय किंवा प्राणिशास्त्राच्या विभागाने जरूर घ्यावी, मात्र उभी केलेली मांडणी न घेता सुटी हाडे मागवावीत. ती साधारण एक तृतीयांशाने स्वस्त पडतात, सांध्यांतला लगदा आणि पंजातला नाटकीपणा दोन्ही टळतात आणि विद्यार्थ्यांना मांडणी स्वतः करायला लावता येते, जे पाहण्यापेक्षा कितीतरी अधिक शिकवते. मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे की ह्युमरस आणि रेडियस एकाच प्राण्याच्या साच्यातून घेतले आहेत का, आणि अंगठ्याच्या शेवटच्या पेराचे मापपट्टीसह छायाचित्र मागवावे. संग्राहकांनी किंमत पाहून निर्णय घ्यावा. तेवढ्या पैशांत कवटीही येते, आणि पाहुण्यांना दाखवायची तर तीच बरी. शक्य असल्यास याच जातीचे मांडीचे हाड सुटे मागवावे, ते तुलनेने स्वस्त आहे. ह्युमरस हातात दिल्यावर लगेच ते हातात दिले की दोन्हींच्या घेरातील फरक विद्यार्थ्याच्या बोटांना कळतो, आणि क्ष-किरणांच्या प्रतिमा समजावून सांगण्याचे काम पुष्कळ हलके होते.